कन्व्हेन्शन पाठ, तरी बोली फसते: ब्रिजच्या जोड्यांनो, या चुका टाळा

"स्टेमन?" "हो." "ट्रान्सफर?" "हो." "ब्लॅकवूड?" "की-कार्डवालं." "निगेटिव्ह डबल?" "अर्थातच." नव्याने जमलेली जोडी खेळ सुरू व्हायच्या आधी एवढं बोलून घेते आणि आपली सिस्टिम ठरली असं समजते. ठरलेली असतात ती फक्त या कन्व्हेन्शनची, म्हणजे ठरावीक सांकेतिक अर्थाच्या बोल्यांची, नावं. त्या नावांखाली दोघांच्या डोक्यात एकच गोष्ट आहे का, हे कळतं तिसऱ्या बोलीला, आणि तोवर उशीर झालेला असतो.

थोडंफार खेळून हात बसलेल्या खेळाडूंचे बोलीतले अपघात कन्व्हेन्शन माहीत नसल्यामुळे क्वचितच होतात. पहिली पायरी दोघांनाही पाठ असते. पुढच्या पायरीवर काय, आणि विरोधकांनी मध्येच तोंड घातलं तर काय, हे ठरलेलं नसतं. घोडं पेंड खातं ते तिथे.

उत्तरापर्यंत ठरलंय, पुढे काय?

स्टेमनच घ्या. भिडूच्या १ नो ट्रम्पवर २ किलवर म्हणजे "चार पानी मेजर (बदाम किंवा इस्पिक) आहे का?" आणि नसेल तर उत्तर २ चौकट. इथवर जगाचं एकमत आहे. आता त्या २ चौकटीनंतर विचारणारा २ बदाम बोलला तर? काही जोड्यांत याचा अर्थ पाच बदाम, चार इस्पिक आणि गेमचं (बोनस मिळवून देणाऱ्या बोलीचं) आमंत्रण. काही जोड्यांत याचा अर्थ अगदी उलटा: पानं दुबळी आहेत, दोन्ही मेजर आहेत, त्यातला बरा वाटेल तो घे आणि गप्प बस. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. एकाच टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोघांनी एकेक वाटून घेतली की मात्र दोन पॉइंटांवर (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) गेम खेळायची वेळ येते.

तसंच १ नो ट्रम्प, २ किलवर, २ बदाम, ३ नो ट्रम्प. विचारणाऱ्याकडे चार इस्पिक नक्की आहेत का? २ किलवर बोलायला मेजर लागतोच असं तुमचं ठरलं असेल तर नक्की आहेत, आणि ओपनरकडेही (पहिली बोली देणाऱ्याकडेही) चार इस्पिक असतील तर त्याने ४ इस्पिकवर जायला हवं. पण २ नो ट्रम्पची थेट बोली तुम्ही चौकटीच्या ट्रान्सफरसाठी (भिडूला ठरावीक रंग बोलायला लावणाऱ्या बोलीसाठी) राखून ठेवली असेल, तर साधं आमंत्रण द्यायचा रस्ता स्टेमनमधूनच जातो. मग २ किलवर, २ बदाम, २ नो ट्रम्प असं बोलणाऱ्याकडे मेजर असेलच याची खात्री राहत नाही. नवं कन्व्हेन्शन घेताना बहुतेक जण ही भानगड विसरतात. त्या बोलीचा जुना अर्थ कुठेतरी जायला हवा ना? तो कुठे गेला, हे नवं कन्व्हेन्शन ठरवतानाच विचारा.

दुबळ्या पानांवर स्टेमन बोलायचं की नाही, यावरही उगाच वाद होतात. ही पानं बघा:

इस्पिक: राणी ९ ६ ३
बदाम: गुलाम ८ ५ २
चौकट: १० ७ ६ ४
किलवर: ५

तीन पॉइंट. तरी २ किलवर बिनधास्त बोला, कारण भिडू २ चौकट, २ बदाम, २ इस्पिक यांपैकी काहीही बोलला तरी तुम्ही पास देऊ शकता. किलवरचं एकच पान घेऊन १ नो ट्रम्पमध्ये डमी मांडण्यापेक्षा हे बहुधा बरंच असतं. याच तीन पॉइंटांवर इस्पिकची चार आणि बदामाची दोनच पानं असती, तर २ बदामाचं उत्तर ऐकून कुठे तोंड लपवणार होतात? म्हणून पॉइंट मोजत बसण्याआधी येणाऱ्या तिन्ही उत्तरांना तुमच्याकडे पुढची बोली आहे का, ते पाहा. आणि ४-३-३-३ अशी सपाट पानं असतील, गेमपुरते पॉइंट असतील, तर चार पानी मेजर असूनही मी स्टेमन टाळतो. तोकडा रंग नसल्याने तुरपाचा जादा हात मिळायची आशा नसते, आणि नऊ हात नो ट्रम्पमध्ये सहसा तेवढेच सोपे असतात.

ट्रान्सफरमध्ये एकच मोठं पाप आहे: ओपनरने स्वतःच्या मताने तो नाकारणं. भिडू २ चौकट बोलला की तुमच्याकडे बदामाची दुर्री-तिर्री असली तरी २ बदाम बोलायचंच. भिडूकडे पाच बदाम आणि शून्य पॉइंट असू शकतात. उलट चार बदाम आणि जास्तीत जास्त पॉइंट असतील तर थेट ३ बदामाची उडी मारता येते. ती ठरली असेल तरच मारा.

विरोधक मध्ये आले की

१ नो ट्रम्पवर विरोधकाने डबल दिला. आता २ किलवर म्हणजे स्टेमन की खरे किलवर? विरोधकाने २ किलवर घातले तर डबल म्हणजे स्टेमन की दंड? आणि विरोधकांच्या १ बदामावर आपण १ नो ट्रम्प घातला, तर आपल्यातले ट्रान्सफर चालू की बंद? उत्तर काहीही असो, एकच असलं म्हणजे झालं. लक्षात ठेवायला सोपी वाटणी अशी: डबल किंवा २ किलवर आले तर सगळं पूर्वीसारखंच चालू, आणि चोरलेल्या २ किलवरवरचा डबल म्हणजे स्टेमन. त्याहून वरचं काही आलं तर ट्रान्सफर बंद, बोल्या खऱ्या रंगाच्या.

निगेटिव्ह डबलची गोष्ट जरा निराळी. विरोधक मध्ये आल्यावर भिडूने दिलेला हा डबल दंडासाठी नसतो, तो न बोललेले रंग दाखवतो. आल्विन रॉथ यांनी तो १९५७ च्या सुमारास रूढ केला. स्पुटनिक त्याच वर्षी अवकाशात गेल्यामुळे त्याला स्पुटनिक डबल असंही म्हणत. आज तो सगळेच खेळतात, पण त्याबरोबर ओपनरच्या गळ्यात पडणारी जबाबदारी फार जण पाळत नाहीत. तुम्ही १ बदामाने सुरुवात केली, डावीकडून २ किलवर आले, भिडू पास, उजवीकडचाही पास. तुमची पानं:

इस्पिक: एक्का गुलाम ६ ३
बदाम: राजा राणी १० ७ ५
चौकट: एक्का ९ ६
किलवर: ४

"चौदाच पॉइंट आहेत, भिडू काही बोलत नाही" म्हणून इथे पास देणं महागात पडतं. भिडूकडे कदाचित हे असेल: इस्पिक राजा ७, बदाम ८ ३, चौकट राणी ८ ५ २, किलवर राजा गुलाम १० ८ ३. त्याला २ किलवरला दंड करायचा होता, पण त्याचा डबल तर तुम्ही दोघांनी निगेटिव्ह ठरवलाय. बिचारा पास देऊन तुमची वाट बघत बसलाय. विरोधकांच्या रंगात तुमचं एखाद-दुसरंच पान असेल तर तुम्ही डबल द्यायचा, तो पास देणार, आणि पुढचं विरोधकांनी निस्तरायचं. हा डबल देणार नसाल तर निगेटिव्ह डबल खेळूच नका, कारण किंमत मोजून अर्धाच माल घरी येतो.

तो कुठल्या पातळीपर्यंत निगेटिव्ह, हेही आकडा घालून ठरवा. २ इस्पिकपर्यंत, ३ इस्पिकपर्यंत, काहीही चालेल. "साधारण खालच्या पातळीवर" हे ठरवणं नव्हे.

आणखी एक खड्डा २ नो ट्रम्पचा. विरोधकाच्या १ बदामावर लगेच २ नो ट्रम्प म्हणजे दोन्ही मायनर (चौकट आणि किलवर), पाच-पाच पानं. पण १ बदाम, पास, पास आणि मग २ नो ट्रम्प? शेवटच्या जागेवरची ही बोली बहुतेक जोड्यांत खरी असते, एकोणीस-वीस पॉइंटांची समतोल पानं. भिडू उत्साहाने ३ किलवरवर नेतो आणि नऊ हातांचा गेम हातातून जातो.

ब्लॅकवूड: प्रश्न चुकीचा की वेळ चुकीची?

ईझली ब्लॅकवूड यांनी १९३३ मध्ये ४ नो ट्रम्प बोलून भिडूकडचे एक्के विचारायचा हा प्रश्न शोधला. त्याचा खरा उपयोग दोन एक्के बाहेर असताना स्लॅममध्ये (बारा किंवा तेरा हातांच्या बोलीत) जाऊ नये म्हणून. स्लॅमची पानं आहेत की नाहीत, हे त्याआधीच तुम्हाला कळलेलं असायला हवं. बरेच जण मात्र पॉइंट दिसले की आधी ४ नो ट्रम्प बोलतात आणि विचार उत्तर आल्यावर करतात.

तुम्ही १ इस्पिक बोललात, भिडूने ३ इस्पिक केले, म्हणजे चार हुकूम आणि दहा-बारा पॉइंट. तुमची पानं:

इस्पिक: एक्का राजा गुलाम ८ ६ ४
बदाम: राजा राणी
चौकट: ७ ५
किलवर: एक्का राजा ६

४ नो ट्रम्प विचारलंत. उत्तर आलं: एक. आता? तो एक्का चौकटीचा असेल तर स्लॅम चांगला आहे, जाईल तो बदामाचा एकच हात. तो बदामाचा असेल तर विरोधक चौकटीचा एक्का आणि राजा उतरून पहिल्या दोन हातांतच तुम्हाला झोपवू शकतात. उत्तर बरोबर आलं, तरी तुम्ही जिथल्या तिथे, कारण तुमची अडचण एक्के किती ही नव्हती, चौकटीत कोण आहे ही होती. इथे ४ किलवर बोला, म्हणजे किलवर माझ्या ताब्यात आहे. भिडू ४ चौकट बोलला तर पुढे चला. तो चौकट ओलांडून ४ बदामावर गेला तर चौकट त्याच्याही ताब्यात नाही. ४ इस्पिकवर थांबा. अर्थात, "ओलांडलं म्हणजे नाही" हेही आधी ठरलेलं हवं.

एखादा रंग मुळीच नसतानाही हीच अडचण येते. भिडूचा एक्का नेमका त्याच रंगाचा निघाला तर तो बराचसा वायाच जातो, आणि उत्तरावरून ते कळत नाही.

मायनर हुकूम असेल तर ४ नो ट्रम्प बोलण्याआधी सगळ्यात गैरसोयीचं उत्तर मनात घेऊन बघा. चौकट हुकूम, आणि भिडूकडे राणीशिवाय दोन की-कार्ड (चार एक्के आणि हुकमाचा राजा यांपैकी दोन): उत्तर ५ बदाम. ५ चौकटीची गाडी निघून गेली. हे परवडत नसेल तर विचारू नका.

बाकी पटापट. १४३० की ३०१४, हे स्पष्ट बोलून घ्या, कारण पहिल्यात ५ किलवर म्हणजे एक किंवा चार आणि दुसऱ्यात शून्य किंवा तीन. हुकूम कुठला यावर एकमत झालेलं नसेल तर शेवटी बोललेला रंग हुकूम धरायचा की नाही, ते ठरवा. १ नो ट्रम्पवर थेट ४ नो ट्रम्प हा एक्क्यांचा प्रश्नच नाही. ओपनरकडे सतरा असतील तर ६, पंधरा असतील तर पास. मध्ये विरोधक घुसला तर डबल म्हणजे शून्य, पास म्हणजे एक, ही सोपी पद्धत पुरते. आणि विचारणारा ५ इस्पिकवर थांबला की उत्तर देणाऱ्याने मान खाली घालून पास द्यावा. तुमचे एक्के त्याने मोजलेत, त्याचे तुम्ही नाही. याला अपवाद एकच: किलवर-चौकटीच्या उत्तरात त्याने तुमच्याकडे कमी की-कार्ड धरली आणि प्रत्यक्षात जास्त आहेत.

विसरलात, आता काय?

संकेत विसरणं हा नियमभंग नाही. ड्युप्लिकेट ब्रिजच्या २०१७ च्या नियमावलीत ७५ वा नियम याबद्दलच आहे: भिडूने तुमचा करार बरोबर सांगितला आणि तुम्हीच चुकीची बोली दिली असेल, तर विरोधकांना त्याची भरपाई मिळत नाही. करार चुकीचा सांगणं मात्र नियमभंग आहे. खरी कसोटी लागते ती भिडूने चुकीचा अर्थ सांगितला तेव्हा. तुम्ही २ बदाम इस्पिकसाठीचा ट्रान्सफर म्हणून बोललात, भिडू विरोधकांना म्हणाला "खरे बदाम". हे शब्द तुम्ही ऐकलेच नाहीत असं समजून पुढची बोली द्यायची. त्याने २ इस्पिकच केले असते तर तुम्ही जे केलं असतं तेच. घाईघाईने ३ इस्पिक बोलून त्याला जागं करणं १६ व्या नियमाविरुद्ध जातं. बोली चालू असताना चूक दुरुस्त करायचीच नाही, चेहऱ्यानेही नाही. कॉन्ट्रॅक्ट तुमच्या बाजूचं झालं तर शेवटच्या पासनंतर, उतारी होण्याआधी संचालकाला बोलावून सांगा. बचावात असाल तर खेळ संपल्यावर.

अर्थ ठरलेलाच नसेल तर विरोधकांना "ठरलेलं नाही" एवढंच सांगा. "मी असं समजतो" हे सांगणं म्हणजे भिडूला टेबलावरच सल्ला देणं.

आणि अशा अनोळखी बोलीचा तुमच्यापुरता अर्थ लावताना हा क्रम बरा पडतो. चर्चा झालेली नसेल तर बोली खऱ्या रंगाची धरा. बोली फोर्सिंग (भिडूने पास देऊ नये अशी) की नाही याची शंका असेल आणि दोघांकडे मिळून गेमचे पॉइंट दिसत असतील, तर पास देऊ नका. कालच वाचलेलं नवं कन्व्हेन्शन भिडूनेही वाचलं असेल या आशेवर कधीच बोलू नका. डाव संपला की ती बोली कागदावर उतरवून ठेवा. पुढचा डाव वाटला जात असताना तिच्यावर भांडण नको, कारण तुमच्या आवाजावरून विरोधकांना कळतं की त्या जागी तुमचं काहीच ठरलेलं नाही, आणि पुढच्या वेळी ते मुद्दाम तिथेच डबल घालतात.