कोल्हापुरात पहिली नोकरी: गेटवरच्या रजिस्टरपासून हातात येणाऱ्या पगारापर्यंत

कोल्हापुरातल्या बऱ्याचशा जागा जाहिरातीत येतच नाहीत. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्री (धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने) आणि मशीन शॉपचा भरणा मोठा, आणि मध्यम-लहान युनिटचे मालक स्वतः शॉपवर फिरणारे. एखादा माणूस सोडून गेला की सुपरवायझरलाच विचारलं जातं, "कोण हाय काय ओळखीत?" जागा तिथंच भरते. जॉब साइटवर कोल्हापूरच्या नावानं जे दिसतं त्यात मार्केटिंग, विमा आणि कर्जवसुलीच जास्त. म्हणून "व्हॅकन्सी आहे का?" विचारत फिरण्यात महिने जातात. आधी काम ठरवा, मग कंपनी.

बी.एस्सी. केमिस्ट्रीचं बघा. पोरं 'लॅब' एवढंच डोक्यात धरून औषध कंपन्यांच्या मागं लागतात. जिल्ह्यात लॅब भरपूर आहेत, फक्त वेगळ्या. साखर कारखान्यात रसातला ब्रिक्स (विरघळलेले घन पदार्थ) आणि पोल (साखरेचं प्रमाण) काढायला केमिस्ट लागतात. पण हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतो, त्यामुळे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरातच जायला हवा. गाळप सुरू झाल्यावर गेलात तर पुढच्या वर्षी या म्हणतात. शिवाय जागा हंगामी असेल तर गाळप संपल्यावर काय, हे आधीच विचारावं. दूध संघात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) तपासायला. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे फाउंड्रीची सॅण्ड लॅब, म्हणजे साच्याची वाळू तपासायची जागा. तिथं वाळूतला ओलावा, कॉम्पॅक्टॅबिलिटी (वाळू किती दबते), परमिअॅबिलिटी (तिच्यातून वायू किती जातो) आणि ग्रीन स्ट्रेंग्थ (ओल्या साच्याची ताकद) शिफ्टमध्ये अनेकदा तपासतात. ग्रीन सॅण्डमध्ये, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूत, ओलावा साधारण ३ ते ४ टक्के ठेवतात. वाढला तर वाफ कोंडून कास्टिंगला (ओतलेल्या भागाला) ब्लोहोल, म्हणजे पोकळ छिद्रं, येतात. कमी झाला तर साच्याची कड ढासळून वाळू धातूत जाते. एवढं कारणासकट सांगता आलं, तर समोरचा माणूस खुर्चीत पुढं सरकतो. धूळ-उष्णता असते, हे खरं.

मेकॅनिकलवाल्यांची परीक्षा टेबलावरच होते. ड्रॉइंग, एक जॉब (तयार केलेला भाग) आणि व्हर्निअर पुढं सरकवतात. व्हर्निअरचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०२ मिमी, मायक्रोमीटरचा ०.०१, हे पाठ असतं. पण मोजण्याआधी जबडे मिटवून झीरो एरर (रिकाम्या मापातली चूक) बघणारा क्वचितच. मग प्रश्न येतो: शाफ्टचा व्यास २५ मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) अधिक ०.०० आणि उणे ०.०५. मोजून २४.९७ आला तर? ओके. २५.०२ आला तर? इथं "रिजेक्ट" म्हणून बरेच जण फसतात. बाहेरचा व्यास जास्त असेल तर मटेरियल शिल्लक आहे, ते काढता येतं, म्हणजे रीवर्क. २४.९३ आला तर मात्र जॉब गेला. बोअर (आतलं भोक) असेल तर हिशोब उलटा. डिग्रीच्या चार वर्षांत हे कानावरून गेलेलं असतं, हातातून गेलेलं नसतं. उद्यमनगरात एखाद्या वर्कशॉपमध्ये महिनाभर इन्स्पेक्शनला उभं राहण्याची सोय झाली तर पगार कमी असला तरी घ्या. दहा-बारा हजारांच्या डिझाइन सॉफ्टवेअरच्या कोर्सपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो, असं आमचं मत.

बी.कॉम.ला टॅली येतं हे सगळेच लिहितात. जीएसटीच्या विवरणपत्रांत जीएसटीआर-१ची (विक्रीचा तपशील) मुदत दरमहा ११ तारीख, ३-बीची (कर भरण्याचं) साधारणपणे २०, हेही सांगतात. पण कोल्हापूरचा धंदा जॉबवर्कवर, म्हणजे आपला माल दुसऱ्याकडून काम करून घेण्यावर, चालतो: कास्टिंग एका युनिटमध्ये ओततात, मशीनिंगला दुसरीकडे जातं, पेंटिंगला तिसरीकडे. त्यामुळे जॉबवर्कचं डिलिव्हरी चलन कसं करतात, पाठवलेला माल वर्षाच्या आत परत आला नाही तर काय होतं (तो पाठवल्या दिवशीच विकला असं धरून कर लागतो), हे ज्याला येतं त्याला अकाउंटवाले सोडत नाहीत. ई-वे बिलाचा (माल वाहून नेताना लागणाऱ्या ऑनलाइन परवान्याचा) प्रश्न हमखास येतो. राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. बहुतेकांना पहिलाच आकडा माहीत असतो.

बी.ए.वाल्यांनी पतसंस्था, हॉटेलचं फ्रंट ऑफिस, कंपन्यांचं डिस्पॅच आणि स्टोअर बघावं. मराठी-इंग्रजी टायपिंग आणि एक्सेलमध्ये व्हीलुकअप (एका यादीतून दुसरीतली माहिती शोधून आणणारं सूत्र) येणं यावर इथं बरंच अडतं. एमपीएससीचा अभ्यास चालू असेल तर तो बायोडेटावर लिहू नका. हा सहा महिन्यांत सोडून जाणार, असा सरळ अर्थ काढला जातो.

बायोडेटा एका पानाचा. वरचा 'ऑब्जेक्टिव्ह'चा परिच्छेद कोणी वाचत नाही, काढून टाका. त्या जागी गाव-तालुका, दुचाकी व लायसन आहे का, तिन्ही शिफ्ट चालतील का, हे लिहा. कागलच्या पंचतारांकितमध्ये तिसऱ्या शिफ्टला माणूस येणार कसा, ही मालकाची खरी काळजी असते. प्रोजेक्ट विकत आणलेला असेल तर त्याचं नावही टाकू नका. दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडतं.

गेटवर जायची वेळ साडेदहा ते बारा. सकाळी सातला, दुपारी तीनला शिफ्ट बदलते तेव्हा सिक्युरिटीवाले काका कुणाकडे बघायच्या मनःस्थितीत नसतात. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवसही टाळा, सगळे डिस्पॅचमागे असतात. साप्ताहिक सुट्टी सगळीकडे रविवारीच असते असं धरू नका, फोन करून घ्या. रजिस्टरमध्ये 'कोणाला भेटायचे' या रकान्यात नुसतं 'एचआर' लिहिलं की बायोडेटा केबिनमधल्या गठ्ठ्यात जातो. क्वालिटीला किंवा प्रॉडक्शनला कोण साहेब आहेत, हे काकांनाच नीट विचारा आणि ते नाव लिहा. आठवड्यानं एक फोन. रोज नको.

आता पैसे. 'पॅकेज २ लाख ४० हजार' म्हणजे महिन्याला २० हजार हातात येत नाहीत. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ११,००० धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,३२०, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे ५२९ आणि ईएसआयचे (कामगार विम्याचे) सुमारे ५७१ हे सगळं पॅकेजमध्येच मोजलेलं असतं. उरला ग्रॉस १७,५८०. त्यातून तुमचा पीएफ १,३२०, ईएसआय ग्रॉसच्या ०.७५ टक्के म्हणजे १३२ आणि व्यवसाय कर २०० जातो. हातात १५,९२८. मुलींना २५ हजारांपर्यंत व्यवसाय कर नाही, तेवढे २०० वाचतात. बोनसही पॅकेजमध्ये धरला असेल, कॅन्टीन आणि बसचे पैसे कापत असतील, तर आकडा आणखी खाली. त्यामुळे "पॅकेज किती?" न विचारता "हातात किती?" असंच विचारा, त्यात वाईट दिसण्यासारखं काही नाही. पुण्याची तुलना करतानाही तेच: कॉट बेसिस (खोलीतल्या एका खाटेचं भाडं), मेस आणि गावी यायचं एसटी भाडं वजा करून आकडे शेजारी ठेवा.

दुसरा प्रश्न: कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या? काम तेच, मशीन तेच. पण कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर असाल तर अनुभवाचा दाखला त्याच्या नावानं मिळतो, आणि तो कॉन्ट्रॅक्टर दोन वर्षांनी बदललेला असतो. अशी नोकरी घ्यायचीच असेल तर पगाराची स्लिप दरमहा मागून घ्या आणि पीएफ जमा होतोय का, हे यूएएनवर (तुमच्या पीएफ क्रमांकावर) स्वतः तपासत राहा.

मूळ मार्कलिस्ट कुणाकडेही ठेवायची नाही. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, परत घ्यायची. बॉण्डपोटी सही केलेला कोरा चेक तर नाहीच नाही. नोकरी लावतो म्हणून आधी 'रजिस्ट्रेशन'चे पैसे मागणाऱ्या एजंटला तिथूनच नमस्कार.

अप्रेंटिसशिप कमी समजू नका. केंद्राच्या नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण) योजनेत पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांना वर्षभर शिकाऊ म्हणून घेतात, शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. किमान विद्यावेतनातला निम्मा वाटा केंद्र देतं आणि तो थेट खात्यात येतो. घोटाळा इथंच होतो: ही रक्कम आधारशी सीडिंग झालेल्या (जोडलेल्या) खात्यात जाते, आणि अनेकांचं सीडिंग शाळेत स्कॉलरशिपसाठी काढलेल्या, आता बंद पडलेल्या खात्याला असतं. कंपनीचा वाटा येतो, सरकारचा येत नाही, आणि पोरगं विनाकारण कंपनीशी भांडत बसतं. मार्कलिस्टवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असेल, वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं असेल, तरी नोंदणी अडते. आधारवरचं नाव फक्त दोनदाच बदलता येतं, म्हणून दुरुस्ती करताना मार्कलिस्ट समोर ठेवूनच अर्ज भरा. सीडिंग कुठल्या बँकेला आहे ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. बदलायचं असेल तर चालू खात्याच्या शाखेत फॉर्म द्या, आणि हे सगळं करारावर सही करण्याआधी उरकून घ्या.