बायबलमधलं "सर्व", "कधीच", "कोणीही" वाचताना या चुका टाळा

एखादं वचन उचलायचं, स्टेटसला टाकायचं आणि मग तसं घडलं नाही की विश्वासच डळमळायचा, असं बऱ्याच जणांचं होतं.

सगळ्यात जास्त हाल झालेत ते फिलिप्पैकरांस पत्रातल्या ४:१३ (अध्याय ४, वचन १३) चे. "मी सर्व काही करू शकतो" म्हणे, मग परीक्षा असो, मॅच असो की इंटरव्ह्यू, लावा हेच वचन. अहो पण आधीची दोन वचनं तरी वाचा, हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल कैदेत आहे आणि म्हणतोय की भरल्या पोटी राहायला शिकलो तसं उपाशी राहायलाही शिकलो, आहे त्यात समाधान मानायला शिकलो, म्हणजे हे "सर्व काही" कुठल्याही परिस्थितीत टिकून राहण्याबद्दल आहे, पहिला नंबर काढण्याबद्दल नाही. खरं तर नापास झाल्यावर जास्त कामाला येईल असं वचन आहे हे!

दुसरं म्हणजे "सर्व" दिसलं की डोकी मोजत बसणं. मत्तय ३:५ म्हणतं सगळा यहूदिया प्रांत बाप्तिस्मा (पाण्यातला शुद्धीचा विधी) देणाऱ्या योहानाकडे लोटला, आणि लूक ७:३० म्हणतं परूशी (यहूदी धर्मातला नियम काटेकोर पाळणारा पंथ) आणि शास्त्री यांनी त्याच्याकडून बाप्तिस्मा घेतलाच नाही. लगेच "सापडली चूक" म्हणून नाचू नका. लग्नाला अख्खा गाव आला होता असं सांगताना आपण काय हजेरीपट घेऊन बसतो का?

बोलतंय कोण हे न बघणं ही तर फारच महागात पडणारी चूक. ईयोब ४:७ मध्ये संकटात सापडलेल्या ईयोबाला त्याचा मित्र अलीफज विचारतो, निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का? ऐकायला एकदम पवित्र वाटतं, आणि हेच वाक्य आजारी माणसाच्या उशाशी बसून ऐकवणारे महाभाग असतात. पण ४२:७ मध्ये देव याच अलीफजला सांगतो की तू आणि तुझे दोघे मित्र माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत.

नीतिसूत्रं हे पुस्तक म्हणजे गॅरंटी कार्ड नाही. २६:४ म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, २६:५ म्हणतं दे. कुठे काय करायचं ते तुम्ही ठरवा.

आणि हो, संदर्भाच्या नावाखाली प्रत्येक "सर्व" छोटा करत सुटणं हीपण चूकच. रोमकरांस ३:२३, "सर्वांनी पाप केले आहे", इथे पौल आधीच यहूदी आणि हेल्लेणी (ग्रीक, म्हणजे यहूदी नसलेले) दोघांनाही एकाच रांगेत उभं करून आलाय, त्यामुळे तिथे स्वतःला वगळायला जागाच नाही.