जिल्हा फुटबॉल संघटनेत काम करायचंय? मग आधी नोंदणीच्या टेबलावर बसा

मी मूळची कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम अशी तिथल्या संघांची मॅच असली की पेठांमध्ये दुसरा विषयच नसतो, त्यामुळे "आपल्याकडे फुटबॉल कोण बघतं" हे वाक्य मला लहानपणापासून पटलेलं नाही. लग्नानंतर दुसऱ्या जिल्ह्यात आले आणि गेली काही वर्षं इथल्या संघटनेत काम करतेय. नवीन पोरंपोरी विचारतात की ताई, आम्हाला पण यायचंय, सुरुवात कुठून करू? म्हणून हे लिहितेय.

आधी रचना समजून घ्या. क्लब जिल्हा संघटनेला संलग्न असतो, जिल्हा संघटना विफाला म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनला, आणि विफा एआयएफएफला म्हणजे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला. साखळीत वर काय झालं की खाली लगेच झळ बसते. २०२२ आठवतंय ना, एआयएफएफच्या निवडणुका रखडल्या, कोर्टाने नेमलेली समिती कारभार बघत होती, आणि १५ ऑगस्टला फिफाने बाहेरच्या हस्तक्षेपाचं कारण देऊन भारताला निलंबितच केलं. ११ दिवसांनी ते उठलं, पण तोवर गोकुलम केरळच्या मुली आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला जाऊन न खेळता परत आल्या होत्या. घोळ ऑफिसातल्या कागदांचा आणि भोगलं कुणी, तर बूट बांधून तयार बसलेल्या मुलींनी. मला ते अजून लागतं.

म्हणून माझा पहिला सल्ला, पद मागू नका, खेळाडूंच्या नोंदणीचं टेबल मागा. सीझनच्या आधी ते लागतं तेव्हा तिथे सगळी संघटना दिसते. जन्मदाखला, आधार, फोटो, जुन्या क्लबची ना हरकत, आणि मग सीआरएस म्हणजे एआयएफएफच्या ऑनलाइन नोंदणीत सगळं चढवायचं. एका पोराच्या दाखल्यावर जन्मतारीख एक आणि आधारवर दुसरी, वडील रिक्षा बाजूला लावून आलेले, मागे रांग, आणि तुम्ही त्यांना नगरपालिकेत कुठल्या खिडकीवर जायचं ते कागदावर लिहून देताय. हे नीट केलं की ते पोरगं पुढच्या वर्षी टिकतं. नाही केलं की "जाऊ दे, क्रिकेट खेळ" म्हणून विषय संपतो. वयचोरी पण इथेच पकडायची असते, मॅच झाल्यावर भांडून काही होत नाही.

दुसरं म्हणजे घटना वाचा, म्हणजे संघटनेची घटना. आपल्याकडे बहुतेक जिल्हा संघटना धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या असतात, तिथे कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी हिशेब ऑडिट करून द्यावे लागतात. ऐकायला कंटाळवाणं आहे, मान्य, पण बदल अर्ज अडकला की बँकेत सह्या बदलत नाहीत, सह्या नाहीत म्हणून पंचांचं मानधन थांबतं, आणि दोन महिने पैसे न मिळालेला पंच रविवारी सकाळी सातला का येईल?

सर्वसाधारण सभेत मत संलग्न क्लबला असतं. आता गंमत बघा, काही क्लब फक्त मतापुरतेच असतात, ना टीम ना बॉल. आम्ही बरीच वादावादी करून नियम करून घेतला की लीग खेळलेल्या क्लबलाच मत, आणि लहान वयोगटाची एक तरी टीम पाहिजे. माझ्या मते खेळाडू वाढवण्यासाठी यापेक्षा मोठा उपाय नाही. उद्घाटन, फ्लेक्स, एक दिवसाची स्पर्धा यांनी फोटो वाढतात. पोरं वाढतात ती ठरल्या तारखेला मॅच झाल्याने, कारण पालक रविवार मोकळा ठेवतात तो वेळापत्रकावर भरवसा असतो म्हणून.

लहानग्यांना अकरा-अकराला उतरवू नका प्लीज. आठ वर्षांची पोरगी मोठ्या ग्राउंडवर अर्धा तास उभी राहते आणि बॉल तिच्यापर्यंत येतच नाही. एकाच मैदानाचे प्लास्टिकचे खुणेचे कोन लावून चार तुकडे करा, पाच-पाचला खेळवा, गोलकीपर नको, स्कोअर लिहू नका, मग बघा.

मुलींचं जरा जास्त सांगते. आमच्याकडे मुलींच्या टीम वाढल्या त्या भाषणाने नाही. एका आईने विचारलं, "बाथरूम आहे का, आणि किती वाजता सुटणार?" तेव्हा ग्राउंडवर कुलूप लावलेलं टॉयलेट होतं. आम्ही किल्ली मागून घेतली, मॅच सकाळच्या लावल्या, प्रत्येक टीमबरोबर एक बाई पाहिजेच असं ठरवलं, आणि तक्रार करायला एका महिला पदाधिकारीचा नंबर पालकांना दिला. पुढच्या सीझनला त्याच आईने शेजारच्या दोघी आणल्या.

आणि खेळून झाल्यावरही ज्यांना ग्राउंड सोडवत नाही त्यांनी पंचांचा कोर्स करा. कोच व्हायला सगळे तयार असतात, पंच मिळत नाहीत, आणि पंच नसेल तर वेळापत्रक कितीही छान असू दे, मॅच होत नाही. सुरुवातीला लाइनवर उभं करतात, ऑफसाइडवरून शिव्या पण बसतात. आमच्याकडे पंचाला शिवी दिली की त्या क्लबचा मॅनेजर पुढच्या मॅचला बाहेर, मग तो अध्यक्षांचा भाऊ का असेना. जून-जुलैत संघटनेच्या ऑफिसात जाऊन कोर्सची तारीख विचारा, जाताना दोन फोटो आणि दाखल्याची झेरॉक्स घेऊन जा.