विहारातून सेवेच्या कामात येताना

महाड-चिपळूण पट्ट्यात धम्माचं काम करायचं म्हणून तरुण मुलंमुली येतात, त्यांच्या डोक्यात 20 मार्च 1927 चं चवदार तळं असतं. असायलाच हवं. पण आमच्या वाड्यांवर रोजचं काम निघतं ते म्हाताऱ्या माणसांचं. मुलं मुंबईला चाकरमानी, घरात एकटी आजी, आणि तहसीलचा कागद वाचून दाखवायला कुणी नाही.

वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने, विहारात ग्रंथवाचन चालतं. तिथे नवख्यांनी नुसतं हात जोडून बसू नये. विनयपिटकातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातली, आजारी भिक्खूची गोष्ट नीट ऐकावी. पोटाच्या विकाराने तो स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्धांनी आधी दोन गोष्टी विचारल्या: तुला काय होतंय, आणि तुझं करायला कुणी आहे का? कुणीच नव्हतं, कारण तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नव्हता! मग बुद्धांनी पाणी ओतलं, त्यांचे शिष्य आनंद यांनी त्याला धुतलं, दोघांनी उचलून बिछान्यावर ठेवलं. मी घरभेटीला जाते तेव्हा हेच दोन प्रश्न घेऊन जाते. पहिली भेटही अशाच घरी, जिथून ना वर्गणी येते ना सभेला माणूस.

एका आजींचं निराधार योजनेचं काम अडलं होतं. "बाय, माजं बोट मशीनला पटत नाय," म्हणाल्या. जन्मभर काजू सोलून चिकाने बोटांची सालं गेलेली, ठसा उमटणार कसा? अशा वेळी डोळ्यांचं स्कॅन होतं का ते आधार केंद्रात आधीच विचारून ठेवावं, म्हणजे म्हातारीचं एसटीचं भाडं फुकट जात नाही.

22 जुलै 2021 च्या पुरानंतर महाड-चिपळुणात मदतीचे टेम्पो लागले. कपड्यांचे ढीग पडले. खरी गरज होती फावडी, झाडू आणि गमबूटांची. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, लेप्टोची, म्हणजे उंदरांच्या मुतातून पाण्यात पसरणाऱ्या तापाची, भीती असते. गोळ्या घ्यायच्या त्या आरोग्य केंद्राच्या सल्ल्यानेच.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करायची असेल तर मुंबईत टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) आहे, निर्मला निकेतन कॉलेज आहे. जरूर करा. मात्र त्याआधी एक पावसाळा वाडीवर काढा. मग वर्गात 'केसवर्क', म्हणजे एकेका माणसासोबत करायचं काम, शिकवतील तेव्हा डोळ्यांपुढे माणसं येतील.

पैशाचं मात्र सांभाळा. गावशाखा आणि चाकरमान्यांचं मुंबई मंडळ यांचं बरेचदा पटत नाही, आणि दोघांनाही हिशेब लागतो. झेरॉक्सची, रिक्षाची पावती जपून ठेवा. मे महिन्यात चाकरमानी आले की बैठक बसते, तेव्हा पै-पैचं विचारतात.