चिंतेवरची नवी गोळी आणि आधीपासूनची औषधं: या चुका टाळा

‘ही गोळी माझ्या बीपीच्या गोळीबरोबर चालेल ना?’ चिंतेवरच्या औषधाची पहिली चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये येणारे बरेच जण हे विचारतात. विचारायलाच हवं. पण फार्मासिस्ट म्हणून काउंटरवर मी जे पाहते, त्यात बीपीची किंवा शुगरची गोळी सहसा घोळ घालत नाही, कारण ती डॉक्टरांना सांगितलेली असते. घोळ घालतात त्या न सांगितलेल्या गोळ्या: पोटाची कॅप्सूल, पायांच्या आगीची गोळी, गजकर्णाचा कोर्स, गुडघ्यासाठी शेजाऱ्यांनी सुचवलेलं पाकीट. कोणी मुद्दाम लपवत नाही. दाखवायला आलोय मनाचं, तिथे पायांचं काय सांगायचं, असं वाटून ते राहून जातं.

दुसरं नुकसान होतं भीतीमुळे. चिंतेचा आजारच असा, की धोक्याचं एक वाक्य वाचलं की ते डोक्यातून जात नाही. मग नवी गोळी कपाटात पडून राहते, नाहीतर जुनी एका दिवसात बंद केली जाते.

पाकिटावरचं मोठं नाव वाचून थांबणं

स्ट्रिप उलटी करून बघा. कंपनीने दिलेलं नाव ठळक असतं आणि आत खरोखर काय आहे ते बारीक अक्षरांत. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असणं अगदी नेहमीचं, त्यामुळे ही बारीक अक्षरं वाचणं फार गरजेचं आहे.

पोटात मुरडा येतो, सारखं संडासला जावं लागतं म्हणून दिलेल्या एका जुन्या गोळीत क्लिडिनियमबरोबर ५ मिलिग्रॅम क्लोरडायझेपॉक्साइड असतं. हे चिंतेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपाम आणि अल्प्राझोलामच्याच कुळातलं औषध. म्हणजे ‘पोटाची गोळी’ दिवसातून दोनदा घेणाऱ्या माणसाला चिंतेसाठी क्लोनाझेपाम सुरू झालं, की एकाच जातीची दोन औषधं पोटात जातात आणि कोणालाच पत्ता नसतो. दिवसभर गुंगी, बोलताना जीभ जड, रात्री उठताना तोल जाणं, असं सुरू होतं आणि खापर एकट्या नव्या गोळीवर फुटतं.

मधुमेहात पायांची आग होते, त्यावर ७५ मिलिग्रॅम प्रीगॅबालिन आणि १० मिलिग्रॅम नॉरट्रिप्टिलिन अशी जोडगोळी भरपूर लिहिली जाते. यातलं नॉरट्रिप्टिलिन हे मुळात नैराश्यावरचं औषध आहे. त्यावर चिंतेसाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन सुरू केलं तर नॉरट्रिप्टिलिन यकृतात लवकर मोडत नाही आणि त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. तोंड कोरडं पडणं, लघवी अडणं, छातीत धडधडणं. धडधड तर चिंतेतही होते, मग ‘डोस कमी पडतोय’ असा उलटाच निष्कर्ष निघतो. प्रीगॅबालिनची गुंगी वेगळी. क्लोनाझेपाम जोडलं की ती वाढते.

आणि अ‍ॅसिडिटीची कॅप्सूल. रॅबेप्रॅझोलबरोबर ७५ मिलिग्रॅम लेव्होसल्पिराइड असलेल्या कॅप्सूल घराघरांत आहेत. लेव्होसल्पिराइडने काहींना हात थरथरणं, अंग आखडणं, एका जागी बसवेना असं होतं. वर्षभर ती कॅप्सूल घेणाऱ्या माणसाची अस्वस्थता ही चिंताच आहे की कॅप्सूलचा परिणाम, हे नवी गोळी सुरू होण्याआधी तपासायला हवं. थायरॉक्सिनचा डोस गरजेपेक्षा जास्त असणं, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप वारंवार मारणं, स्टेरॉइडचा कोर्स, नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या यांनीही धडधड आणि घालमेल होते. माझ्या मते नवीन औषध जोडण्याआधी हा पहिला प्रश्न असावा, आणि डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण काढावा.

दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, एकच गट

घरच्या डॉक्टरांनी ‘टेन्शनसाठी’ एटिझोलाम आणि प्रोप्रॅनोलॉल एकत्र असलेली गोळी दिलेली असते. महिन्याने मानसोपचारतज्ज्ञ एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम लिहितात. आधीची गोळी चालू आहे हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. एटिझोलाम आणि क्लोनाझेपाम एकाच पद्धतीने काम करतात. दोन्ही मिळून काय होतं ते वर सांगितलंच.

यातल्या प्रोप्रॅनोलॉलकडे मला जास्त लक्ष वेधायचं आहे. धडधड आणि हाताची थरथर ते छान थांबवतं, म्हणून निरुपद्रवी वाटतं. पण दमा असलेल्यांनी ते घेऊ नये, श्वासनलिका आवळल्या जातात. इन्सुलिन घेणाऱ्यांना साखर घसरल्याची जी सूचना धडधडीतून मिळते, तीच ते झाकून टाकतं. बीपीसाठी व्हेरापॅमिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर नाडी फार मंदावू शकते. मेटोप्रोलॉल आधीच चालू असेल तर हे त्याच गटातलं दुसरं. आणि नुसत्या मेटोप्रोलॉलवर फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन आलं तरी मेटोप्रोलॉलचं प्रमाण वाढतं. अशा वेळी चक्कर आली, तर गादीवर पडून राहण्याआधी नाडीचे ठोके मोजा.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल ही औषधं शेड्यूल एच-वन या सरकारी यादीत येतात. ती देताना दुकानदाराला डॉक्टर, रुग्ण आणि दिलेलं प्रमाण यांची वेगळी नोंद करून ती तीन वर्षं जपावी लागते. ‘चिठ्ठी दाखवा’ म्हटल्यावर कृपया राग मानू नका. उलट शक्यतो सगळी औषधं एकाच मेडिकलमधून घ्या. दोन चिठ्ठ्या एका माणसाच्या नजरेखालून गेल्या, तर अशी दुबार गोळी तिथेच पकडली जाते.

अंगदुखीची गोळी ‘औषधात’ न धरणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन या गटातली औषधं सेरोटोनिन या शरीरातल्या रसायनावर काम करतात. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशींनाही सेरोटोनिन लागतं. ते त्यांना कमी मिळालं की त्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत. एरवी हे जाणवतही नाही. पण सोबत डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांपैकी काही रोज घेतलं तर जठराचं अस्तर दुखावतं आणि तिथून रक्त जाण्याचा धोका चांगलाच वाढतो. डांबरासारखी काळी, चिकट शौचाला झाली तर वाट न पाहता दवाखाना गाठा. साध्या अंगदुखीला, डोकेदुखीला, तापाला आधी पॅरासिटामॉल.

झडप बदललेल्या किंवा रक्ताची गुठळी झालेल्या माणसाला अ‍ॅसेनोकुमॅरॉल किंवा वॉरफॅरिन चालू असतं. त्यांनी नवी गोळी सुरू झाल्यावर आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) लवकर करून घ्यावी, नेहमीच्या तारखेपर्यंत थांबू नये. अँजिओप्लास्टीनंतर क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी पित्तासाठी परस्पर ओमेप्रॅझोल घेऊ नये. एकीकडे त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो, दुसरीकडे एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण वाढतं. पँटोप्रॅझोलने हा प्रश्न फारसा येत नाही, डॉक्टरांना विचारून बदलता येतं.

कंबरदुखीसाठी पॅरासिटामॉलबरोबर ट्रामाडॉल असलेली गोळी मात्र वेगळ्या जातीची. ट्रामाडॉलही सेरोटोनिन वाढवतं आणि फिट येण्याची शक्यताही वाढवतं. क्लोनाझेपाम-अल्प्राझोलामबरोबर घेतलं तर श्वास मंदावू शकतो. कोडीन असलेलं खोकल्याचं औषधही त्याच कारणाने टाळायचं, आणि डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं सेरोटोनिनच्या कारणाने. खोकल्याची बाटली घेताना ‘मला अमुक गोळी चालू आहे’ एवढं काउंटरवर सांगितलं तरी पुरतं.

मधेच आलेला ‘छोटा कोर्स’

अल्प्राझोलाम व्यवस्थित चालू आहे, आणि जांघेत गजकर्ण झालं म्हणून त्वचेच्या डॉक्टरांनी इट्राकोनाझोल दिलं. हे मी मुद्दाम निवडून सांगतेय, कारण गजकर्ण आपल्याकडे पावसाळ्यात घरोघरी असतं, इट्राकोनाझोलचे कोर्स आठवडेच्या आठवडे चालतात, आणि ही दोन औषधं एकत्र द्यायचीच नसतात. यकृतातलं जे एन्झाइम अल्प्राझोलाम मोडतं, तेच इट्राकोनाझोल अडवून धरतं. रोजचाच अर्धा मिलिग्रॅमचा डोस मग कितीतरी जास्त वेळ आणि जास्त जोराने काम करतो. कोर्स संपल्यावरही हा परिणाम काही दिवस टिकतो. क्लॅरिथ्रोमायसिनही असंच वागतं. त्याच कुळातलं लोराझेपाम मात्र या एन्झाइमवर अवलंबून नाही, म्हणजे डॉक्टरांकडे पर्याय असतो, फक्त त्यांना कळायला हवं.

टीबीचं औषध चालू असेल तर गणित उलटं होतं. रिफॅम्पिसिन हेच एन्झाइम जोमाने वाढवतं, त्यामुळे अल्प्राझोलाम घेऊनही न घेतल्यासारखं वाटतं. मग काही जण मनानेच गोळ्या वाढवतात, आणि रिफॅम्पिसिन संपल्यावर तोच वाढवलेला डोस अंगावर येतो. औषधांना दाद न देणाऱ्या टीबीसाठी लिनेझोलिड दिलं जातं. त्याच्याबरोबर सेरोटोनिन वाढवणारी औषधं घातक ठरू शकतात. आधीच सहा महिने गोळ्यांनी गांजलेल्या टीबीच्या रुग्णाला चिंता, नैराश्य येणं साहजिक आहे आणि त्याला उपचार मिळालेच पाहिजेत, पण मानसोपचारतज्ज्ञांना टीबीचं कार्ड दाखवूनच.

स्तनाच्या कर्करोगानंतर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या ताईंनी हे लिहूनच ठेवावं: पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन यांच्यामुळे टॅमॉक्सिफेनचं शरीरातलं परिणामकारक रूप कमी तयार होतं. चिंतेवर दुसरी औषधं आहेत. पार्किन्सनसाठी रासाजिलिन किंवा सेलेजिलिन घेणाऱ्यांनीही ते चालू असल्याचं आधीच सांगायला हवं.

‘आयुर्वेदिकच आहे, त्याचं काय’

अश्वगंधा झोप आणते म्हणूनच लोक घेतात. मग झोप आणणाऱ्या दुसऱ्या गोळीबरोबर ती गुंगी वाढवणार हे उघड आहे. थायरॉइडच्या पातळीवरही तिचा परिणाम होऊ शकतो. सर्पगंधेत रेसर्पिन असतं, त्याने रक्तदाब उतरतो आणि मन खचू शकतं. वैद्यांकडचं औषध बंद करा असं माझं म्हणणं नाही, पण त्याची पुडी किंवा डबी यादीतून वगळू नका. दारूचंही तसंच. लाजेपोटी ती सांगितली जात नाही, आणि क्लोनाझेपाम-अल्प्राझोलामबरोबर ती जिवावर बेतू शकते.

लाल पट्टी बघून स्वतःच निर्णय घेणं

दोन औषधांची नावं टाकली की ‘गंभीर’ म्हणून लाल पट्टी दाखवणाऱ्या वेबसाइट आणि अ‍ॅप आहेत. मीही त्या वापरते. पण त्या पट्टीला तुमचं वय, डोस, किडनीचा रिपोर्ट, ईसीजी यातलं काहीच ठाऊक नसतं. हृदयरोग्याला अ‍ॅस्पिरिन चालू असताना डॉक्टर समजून-उमजून सर्ट्रालिन देतात आणि पोटाचं संरक्षण बघतात. पट्टी लाल असली तर तिचा स्क्रीनशॉट घेऊन फोन करा, एवढाच तिचा उपयोग.

कारण एकदम बंद करण्याचं नुकसान अनेकदा त्या पट्टीतल्या धोक्यापेक्षा मोठं असतं. महिनोन्महिने चालू असलेलं क्लोनाझेपाम तडकाफडकी थांबवलं तर झोप उडते, थरकाप होतो, फिटही येऊ शकते. पॅरोक्सेटिन किंवा व्हेन्लाफॅक्सिन अचानक सोडलं तर चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं. उलट फ्लुओक्सेटिन बंद करूनही आठवडेच्या आठवडे शरीरात राहतं. काल थांबवलं म्हणून आज त्याची दुसऱ्या औषधांशी टक्कर संपली असं होत नाही.

त्रास झालाच, तर नेमकं काय समजायचं

पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, डोकं दुखणं, झोप मोडणं आणि चिंता थोडी वाढल्यासारखी वाटणं हे नव्या गोळीचं नेहमीचं वागणं आहे, टक्कर नव्हे. म्हणूनच एस्सिटालोप्राम अनेकदा ५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात. खरा फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये या काळात मरणाचे विचार येऊ लागले, तर घरच्यांनी त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. टेलि-मानसची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं.

गोळी जोडल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही तासांत ते दिवसभरात कापरं भरणं, दरदरून घाम, जुलाब, पायांना झटके, बेचैनी आणि ताप असं एकत्र सुरू झालं तर ते सेरोटोनिन वाढल्याचं लक्षण असू शकतं. असं झालं, किंवा हाक मारून माणूस जागा होत नसेल किंवा श्वास फार सावकाश चालला असेल तर १०८ ला फोन करा आणि सगळी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.

आजी-आजोबांचं चित्र वेगळं असतं. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असेल, तर सेरोटोनिनवरच्या गोळीने रक्तातलं सोडियम घसरू शकतं. नवीन गोळी सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेत आणि आजी अचानक गोंधळल्यासारखं बोलतायत, पाय लटपटतायत, जेवण नको म्हणतायत, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. सोडियमची साधी रक्ततपासणी त्याच दिवशी होते.

औषधाचा दुष्परिणाम झालाय असं वाटलं तर तो नोंदवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल-फ्री क्रमांक आहे. डॉक्टरच नव्हे, रुग्ण किंवा घरचे कोणीही नोंद करू शकतात. फोन लावण्याआधी औषधाचं नाव, बॅच नंबर, सुरू केल्याची तारीख आणि सोबत चालू असलेल्या बाकी सगळ्या गोळ्या, पोटाची कॅप्सूल धरून, कागदावर लिहून घ्या.