पक्ष्यांचे फोटो: फ्रेमिंग आणि एडिटिंगमधल्या या चुका टाळा

फोटो फसला की आधी दोष जातो लेन्सला, मग कॅमेऱ्याला. पण बरेचसे फोटो बिघडतात ते आपण कुठे आणि कसे उभे होतो त्यामुळे. ते नंतर एडिटिंगमध्ये सावरायला गेलं की बिघाड आणखी वाढतो.

पक्षी पाहिला, मागचं पाहिलंच नाही

सगळ्यात जास्त फोटो इथे वाया जातात, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. पक्षी दिसताच बोट बटणावर जातं आणि डोक्यातून आरपार गेलेली फांदी घरी स्क्रीनवर दिसते. मागची झाडी पक्ष्यापासून मीटरभरावर असेल, तर अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं छिद्र) पूर्ण उघडलं तरी पानं ओळखू येतातच. तीच झाडी वीस मीटर मागे असली की तिचा सपाट हिरवा पडदा होतो. लांब पल्ल्याच्या लेन्सला मागचा अगदी थोडा भाग दिसतो, त्यामुळे तुम्ही दोन पावलं डावीकडे सरकलात किंवा नुसते गुडघ्यावर बसलात तरी अख्खी पार्श्वभूमी बदलते. आधी स्वच्छ पार्श्वभूमी शोधावी आणि मग पक्ष्याची वाट पाहावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

उंचीचंही तसंच. चिखलात चरणारी तुतारी (पाणथळीतला छोटा पक्षी) उभ्याने टिपली तर तिची पाठ आणि मागे चिखलच चिखल येतो. पोटावर झोपून कॅमेरा तिच्या डोळ्याच्या पातळीला आणला की मागे चिखलाऐवजी दूरचा काठ येतो आणि तो आपोआप धूसर होतो. उंच शेंड्यावरच्या पक्ष्यासाठी मात्र झाडाखाली जाऊ नका, थोडे मागे या. अंतर वाढलं की वर बघण्याचा कोन कमी होतो आणि नुसतं पोट दिसायचं थांबतं. या सगळ्या हालचालीत पक्षी चरायचं थांबून मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, तर तिथेच थांबा. घरट्याजवळ तर जाऊच नका.

डोळा हुकला

६०० मिमी लेन्स, अॅपर्चर एफ/६.३, पक्षी ६ मीटरवर: फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार सेंटीमीटरचा असतो. फोकस छातीवर बसला की डोळा गेलाच. एडिटिंगमधल्या शार्पनिंगने (कडा ठळक करून) तो परत येत नाही. फोकस पॉइंट डोळ्यावरच ठेवा आणि एकाच फोटोवर न थांबता छोटा बर्स्ट (सलग झटपट फोटो) घ्या, कारण पापणीचा पारदर्शक पडदा मध्येच डोळ्यावरून सरकतो आणि डोळा दुधाळ दिसतो. बर्स्टमधून निवडताना चोच किंचित आपल्याकडे वळलेला फोटो ठेवा. पलीकडे मान वळवलेला पक्षी कितीही शार्प असला तरी काढून टाका.

फ्रेम गच्च भरणे

शेपटीचं टोक, पंखाचं टोक, पाण्यातल्या बगळ्याच्या प्रतिबिंबातली चोच. नेमकं हेच कापलं जातं. उडणारा पक्षी झूम थोडा मागे घेऊनच टिपा आणि तो ज्या दिशेला चाललाय तिकडे जागा जास्त सोडा. शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास असू द्या, लहान चपळ पक्ष्यांना त्याहून वर.

पांढरा बगळा, काळा कोतवाल

मागे गडद पाणी असलं की कॅमेरा सगळं दृश्य उजळ करू पाहतो आणि बगळ्याची पिसं पांढरीफटक होतात. एकदा उडालेला तपशील रॉ फाइलमधूनही (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) निघत नाही. एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी करा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उजव्या म्हणजे उजळ बाजूच्या भिंतीला चिकटलाय का ते बघा. पांढऱ्या आकाशापुढच्या कोतवालाला उलट एक-दोन स्टॉप जास्त द्या. त्यात आकाश जळालं तर जळू द्या.

एडिटिंगमधला हावरटपणा

क्रॉपचं, म्हणजे फोटो कापण्याचं, गणित साधं आहे. ६००० बाय ४००० पिक्सेलचा फोटो लांबी आणि रुंदी दोन्हीत अर्धा केला की २४ मेगापिक्सेलचे ६ उरतात आणि नॉइज (फोटोतले दाणे) दुप्पट मोठा दिसतो. मग नॉइज रिडक्शन ताणलं जातं आणि पिसं मेणासारखी गुळगुळीत होतात. त्यावर शार्पनिंग चढवलं की पक्ष्याभोवती पांढरी किनार उमटते. क्रम बदला: आधी नॉइज काढा, तोही मुख्यतः पार्श्वभूमीचा. मग मास्क लावून शार्पनिंग फक्त पक्ष्याला द्या. फोटो १०० टक्के मोठा करून डोक्याच्या कडेला किनार दिसली की स्लायडर मागे घ्या.

खंड्याच्या निळ्याला सॅच्युरेशन वाढवायचा मोह सगळ्यांनाच होतो. तो निळा मुळातच इतका भडक असतो की थोड्या वाढीनेही पिसांच्या रेषा बुजतात आणि पाठीवर रंगाचा सपाट डाग उरतो. त्यापेक्षा त्या निळ्याची ब्राइटनेस थोडी उतरवा, रंग आपोआप गहिरा होतो.

मधे आलेली फांदी क्लोन करून (शेजारचा भाग तिच्यावर चिकटवून) पुसायची की नाही? वन्यजीव छायाचित्रणाच्या बहुतेक स्पर्धांत हे चालत नाही आणि निवडीच्या वेळी रॉ फाइल मागतात. स्वतःपुरतं केलंत तर फोटो दाखवताना तसं सांगा.

स्क्रीनवर दाखवायची प्रत काढताना आधी आकार लहान करा, मग शेवटचं हलकं शार्पनिंग द्या आणि रंगांसाठी एसआरजीबी (बहुतेक स्क्रीनवर चालणारी रंगपद्धत) निवडा. नाहीतर तोच फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर फिका दिसू शकतो.