स्वस्त ग्रिड-टाय इन्व्हर्टर घेताना या चुका टाळा

घरच्या छोट्या सोलरसाठी ग्रिड-टाय इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज एसी करून वीज कंपनीच्या लाइनला, म्हणजे ग्रिडला, देणारं यंत्र) शोधताना बहुतेक जण किमतीपासून सुरुवात करतात आणि डेटाशीट उघडतात ती काहीतरी अडल्यावर. खरं तर स्वस्तात चांगला इन्व्हर्टर मिळतो, पण पैसे नेमके कुठे वाचवायचे हे ठाऊक हवं. वॅट कमी घ्या, डिस्प्ले नको, वायफाय नको, चालेल. सुरक्षेचे भाग मात्र जिथल्या तिथे हवेत.

वीज गेल्यावर घर चालेल असं समजणं

साधा ग्रिड-टाय इन्व्हर्टर ग्रिड गेली की बंद होतो, भर उन्हातसुद्धा. हा बिघाड नाही. लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून ही सोय असते. आयईईई १५४७ या मानकाप्रमाणे अशा वेळी २ सेकंदांच्या आत वीज देणं थांबलं पाहिजे. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) आणि बॅटरी लागते, आणि तो खर्च पूर्ण वेगळा. घरातल्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या आउटपुटवर ग्रिड-टाय जोडून त्याला ‘फसवण्याचा’ जुगाड बरेच जण सुचवतात. उन्हात तयार झालेली वीज घरात खपली नाही की ती उलट त्या बॅटरी-इन्व्हर्टरमध्ये घुसते. त्यासाठी तो बनवलेला नसेल तर तो जळतो.

रिले आहे का, हे न विचारणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. सॉकेटमध्ये पिन खुपसली की झालं, अशा जाहिरातीचे छोटे इन्व्हर्टर ऑनलाइन भरपूर मिळतात. प्लग बाहेर काढला की त्याच्या उघड्या पिना हाताशी येतात. त्या क्षणी आतल्या रिलेने, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर उघडणाऱ्या स्विचने, सर्किट तोडलेलं असलं पाहिजे. नुसत्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर ही गोष्ट सोडायची नसते. ही भीती काल्पनिक नाही: २०२३ साली जर्मनीत डेये कंपनीच्या काही मायक्रोइन्व्हर्टरमध्ये (एक-दोन पॅनेलपुरत्या छोट्या इन्व्हर्टरमध्ये) आवश्यक रिलेच नसल्याचं उघडकीला आलं आणि कंपनीला ग्राहकांसाठी रिलेची वेगळी डबी काढावी लागली.

म्हणून डब्यावरच्या सीई (युरोपीय नियम पाळल्याची खूण) स्टिकरवर समाधान मानू नका, ते कुणीही छापतं. विक्रेत्याकडे आयईसी ६२११६ (ग्रिड गेल्यावर इन्व्हर्टर बंद होतो का याची चाचणी) किंवा यूएल १७४१ (इन्व्हर्टरच्या सुरक्षेचं अमेरिकी मानक) चं सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा मॉडेल नंबर मशीनच्या मागच्या पट्टीशी अक्षर न् अक्षर जुळवा. शेवटचं एखादं अक्षर वेगळं असेल तर ते कागद दुसऱ्याच मशीनचे आहेत. सर्टिफिकेट द्यायला टाळाटाळ झाली तर सरळ पुढे चला. वीज कंपनीही परवानगी देताना हेच कागद मागते. परवानगीशिवाय जोडलं तर आणखी एक गंमत होते: काही डिजिटल मीटर बाहेर गेलेली वीजसुद्धा वापर म्हणून मोजतात आणि सोलर लावल्यावर बिल वाढतं.

वॅट जुळवणं, व्होल्ट विसरणं

पॅनेल ५०० वॅटचं, इन्व्हर्टर ५०० वॅटचा, जमलं! असं नसतं. पॅनेलच्या मागे लिहिलेलं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता मिळणारं व्होल्टेज) २५ अंश सेल्सिअसचं असतं, आणि पॅनेल गार झालं की ते वाढतं. समजा, पॅनेलवर ४९.५ व्होल्ट लिहिलेत आणि इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ५० आहे. कागदावर बसतंय. पण दर अंशाला ०.२७ टक्के या हिशेबाने ५ अंशांच्या पहाटे तेच पॅनेल ५२ व्होल्टच्या पुढे जातं. सूर्य उगवतो आणि इन्व्हर्टर मावळतो. वॉरंटीही मिळत नाही, कारण जास्तीचं व्होल्टेज बहुतेकदा मेमरीत नोंदलेलं असतं.

उलट बाजूही आहे. स्ट्रिंग इन्व्हर्टरची (ओळीत जोडलेल्या अनेक पॅनेलसाठीच्या इन्व्हर्टरची) एमपीपीटी रेंज, म्हणजे ज्या व्होल्टेजमध्ये तो पॅनेलकडून जास्तीत जास्त वीज काढू शकतो ती, १२० व्होल्टपासून सुरू होत असेल आणि तुम्ही ४१ व्होल्टवर चालणारी तीनच पॅनेल ओळीत जोडली, तर बेरीज १२३ येते. उन्हात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की हीच बेरीज १०५-११० वर उतरते आणि ऐन दुपारी उत्पादन गडगडतं. लोक पॅनेल धूत बसतात! अशा वेळी एक पॅनेल वाढवा किंवा कमी व्होल्टवर चालणारा इन्व्हर्टर घ्या.

करंटचंही बघा. हल्लीची मोठी पॅनेल १३-१४ अँपिअर देतात, जुन्या स्वस्त मॉडेलचं इनपुट ११ वर अडतं. वरचा करंट नुसता वाया जाईल, पण शॉर्ट सर्किट करंटची (पॅनेलची दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणाऱ्या करंटची) वेगळी मर्यादा दिलेली असेल तर ती ओलांडू नका.

वॅटच्या बाबतीत मात्र थोडी मोकळीक आहे. इन्व्हर्टरपेक्षा पॅनेल २०-३० टक्के जास्त वॅटची असली तरी चालतं, कारण पॅनेल छापील वॅट क्वचितच देतात. लहान इन्व्हर्टर घेऊन पैसे इथे वाचवा.

जुना माल डोळे झाकून उचलणं

सेकंडहँड इन्व्हर्टर वाईट नसतो. फक्त तो ५० हर्ट्झचा की ६० चा, दुसऱ्या देशाच्या ग्रिडचं सेटिंग पासवर्डने लॉक आहे का, आणि मायक्रोइन्व्हर्टर असेल तर आधीच्या मालकाच्या ऑनलाइन खात्यातून तो सोडवलाय का, एवढं विचारा. चालवून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका. पॅनेलऐवजी बॅटरी लावून ‘चालतो बघा’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. एमपीपीटी करंट वाढवत जातं आणि बॅटरी तो देत राहते, त्यात मशीन जाऊ शकतं.

बसवल्यावर सारखं ट्रिप होणं

दुपारी ‘ग्रिड ओव्हरव्होल्टेज’ (ग्रिडचं व्होल्टेज जास्त) असा इशारा आला की विक्रेत्याला फोन जातो. आधी केबल बघा. २३० व्होल्टच्या ग्रिडवर व्होल्टेज २५३ च्या वर गेलं की बरेच इन्व्हर्टर स्वतःला ग्रिडपासून तोडतात. ३ किलोवॅट म्हणजे साधारण १३ अँपिअर. ३० मीटर लांब, २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये इन्व्हर्टरच्या टोकाला जवळपास ६ व्होल्ट चढतात. मेन बोर्डावर २४९ असतील तर इन्व्हर्टरला २५५ दिसतात. तीच केबल ६ चौरस मिलिमीटरची असेल तर वाढ अडीच व्होल्टच्या आत राहते. इन्व्हर्टर पूर्ण जोरात असताना इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही टोकांना व्होल्टेज मोजून घ्या. फरक किरकोळ असेल तर मात्र दोष ग्रिडचा, तक्रार वीज कंपनीकडे करा. देशाचं सेटिंग बदलून मर्यादा सैल करू नका.

‘आयसोलेशन फॉल्ट’ (डीसी बाजूची वीज जमिनीकडे गळते आहे असा इशारा) सकाळी दवात किंवा पावसानंतर येऊन दुपारी आपोआप जात असेल, तर बहुधा कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या तारा जोडणारे प्लग) एकमेकांत बसतात, पण नीट बंद होतातच असं नाही. तापून जळण्याचा धोका वेगळाच. अर्थिंग काढून फॉल्ट घालवणारे महाभाग आहेत. त्यांचं ऐकू नका. कनेक्टर उघडण्याआधी एसी बाजू (ग्रिडकडची), मग डीसी आयसोलेटर (पॅनेलकडचा स्विच) बंद करा. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर डीसीची ठिणगी विझत नाही. मग एकेक स्ट्रिंग (ओळीत जोडलेली पॅनेल) वेगळी करून शोधा. कोरड्या दुपारीही फॉल्ट टिकला तर फ्रेमच्या धारेवर घासलेली केबल आधी तपासा, पॅनेलमागचा जंक्शन बॉक्स नंतर.